हायस्कूल म्युझिकल स्टेजवर पाहिलं, बॉलवालं गाणं एकटंच पैसे वसूल

रविवारी भाचीला घेऊन हायस्कूल म्युझिकलचा स्टेज शो पाहून आले. एका शाळेच्या हॉलमध्ये होता, तिकीट 200 रुपये, शो दीड तासाचा आणि सुरू व्हायला पाऊण तास उशीर. ग्रुपचं नाव लिहत नाही, पोट्ट्यांनी जीव तोडून काम केलंय आणि माझी जी तक्रार आहे ती त्यांच्याबद्दल नाहीच, बसवणाऱ्या मोठ्या माणसांबद्दल आहे.

हा मुळात पिक्चर, अमेरिकेत डिस्ने चॅनलवर 20 जानेवारी 2006 ला आला. आपल्याकडे केबलवर लागायला लागला तेव्हा मी शाळेत होते आणि जितक्यांदा लागायचा तितक्यांदा पाहायची. बास्केटबॉल टीमचा कॅप्टन ट्रॉय, अभ्यासात हुशार गॅब्रिएला, दोघांना शाळेच्या म्युझिकलमध्ये गायचंय आणि घरचे-दारचे सगळे म्हणून राहिले की हे तुमचं काम नाही. ट्रॉयचा बापच टीमचा कोच. आमच्याकडे गॅदरिंगला नाव दिलं की पहिला प्रश्न यायचा, मग ट्युशनचं काय? त्यामुळे ही गोष्ट मला कधी परक्या देशातली वाटलीच नाही.

तर हे स्टेजवर चालेल का? माझं उत्तर हो आहे, आणि चांगलं चालेल, पण पोरं खरंच गायली तरच.

परवा काय झालं, जवळपास सगळी गाणी पिक्चरच्या ओरिजिनल ट्रॅकवर, पोरं नुसते ओठ हलवत होती. शेवटाकडचं ते 'ब्रेकिंग फ्री' आलं, ज्याच्यासाठी मी गेले होते, आणि काहीच झालं नाही. दोघं एकमेकांकडे पाहत उभे, आवाज येतोय स्पीकरमधून. बरं पिक्चरमध्ये पण ट्रॉयचा गाण्यातला आवाज बराचसा ट्रॉय झालेल्या झॅक एफ्रॉनचा नाहीच, ड्रू सीली नावाच्या गायकाचा आहे, आणि नंतर जी कॉन्सर्ट टूर निघाली तिच्यात ट्रॉयची गाणी गायला सीलीच उभा होता. पडद्यावर आपल्याला हे खटकत नाही, आपण प्लेबॅकवरच लहानाचे मोठे झालो. पण स्टेजवर माणूस समोर उभा असतो ना, दहा फुटांवर, त्याच्या गळ्याची शीर दिसते. तिथे आवाज त्याचाच पाहिजे.

आणि हे त्याच शोमध्ये सिद्ध झालं! 'गेट्चा हेड इन द गेम', म्हणजे बास्केटबॉल प्रॅक्टिसमधलं गाणं, त्याच्यात बॉल आपटण्याचाच ठेका आहे. आता खरे बॉल ट्रॅकसोबत जुळवणं यांना जमलं नसावं, म्हणून तेवढ्या एका गाण्यात रेकॉर्डेड आवाज काढून टाकला आणि आठ पोट्टे बॉल आपटत स्वतः गायले. दम लागत होता, एकाचा सूर खाली आला, एकाचा बॉल सुटून पहिल्या रांगेतल्या काकांकडे गेला, त्यांनी उठून परत फेकला आणि पोराने झेलून त्याच ठेक्यात आपटला. सगळा हॉल टाळ्या देऊन राहिला होता. पिक्चरमध्ये हे गाणं शंभरदा पाहिलंय पण आठ बॉल एकाच वेळी लाकडी स्टेजवर पडतात तेव्हा तो दणका खुर्चीतून पाठीला जाणवतो, तो टीव्हीवर कुठून येणार.

कँटीनचं गाणं ठीक, पस्तीस-चाळीस पोरं एकदम नाचतात, गर्दीची मजा आहे. सुरुवातीचा कराओकेवाला सीन मात्र पडला. पिक्चरमध्ये तो सगळा चेहऱ्यांवर आहे, कॅमेरा जवळ जातो, इथे चौदाव्या रांगेतून चेहरा दिसतो कुठे? तिथे चालणं-वळणं मोठं करावं लागेल. याच्या उलट शेवटी मॅच, अभ्यासाची स्पर्धा आणि ऑडिशन हे तिन्ही एकाच दिवशी येतं ते स्टेजच्या तीन कोपऱ्यांत लाइट बदलून दाखवलं, आणि ते मला पिक्चरपेक्षा जास्त आवडलं, कारण तिन्हीकडची धावपळ एकाच वेळी दिसत होती.

तसं अमेरिकेत याची स्टेज आवृत्ती कधीच झाली, 2007 मध्ये टूर पण निघाली, शाळांसाठी छोटी एकअंकी आवृत्ती पण मिळते. म्हणजे चालतं की नाही हा प्रश्न तिथे कधीचा सुटला. आपल्याकडे लोक म्हणतात नाटकात इतकी गाणी कोण ऐकणार, त्यांनी दिवाळीनंतर एकदा वडसा, गडचिरोलीकडे जाऊन झाडीपट्टीचं नाटक पाहावं. रात्रभर चालतं, वाजवणारे समोर बसलेले, नट स्वतः गातात आणि लोकं पहाटेपर्यंत उठत नाहीत.

परत येताना सिव्हिल लाइन्समधून आलो, वसंतराव देशपांडे सभागृह लागलं तेव्हा मी भाचीला सांगितलं की हे ज्यांच्या नावाने आहे ते लहानाचे मोठे नागपुरातच झाले आणि 'कट्यार काळजात घुसली' नाटकात खाँसाहेब म्हणून उभे राहायचे, स्वतः गायचे. नाटक 1967 चं, लिहिणारे दारव्हेकर मास्तर आपल्या नागपूरचेच, पिक्चर आला 2015 मध्ये. म्हणजे तिथे गाणं आधी स्टेजवर तावून सुलाखून निघालं आणि मग पडद्यावर गेलं. हायस्कूल म्युझिकलला उलटा रस्ता आहे आणि तो अवघड आहे, कारण लोकांच्या कानात आधीच स्टुडिओतला आवाज बसलेला असतो. म्हणून काय ट्रॅकच लावून द्यायचा? एक पेटी, एक कीबोर्ड, एक ड्रमवाला एवढं पुरेसं आहे हो. पोरं थोडी बेसूर झाली तरी आम्ही ऐकू, आमचीच पोरं आहेत.

माझ्याकडून पाचपैकी तीन स्टार. त्यातले दोन त्या आठ पोरांचे. पुढचा प्रयोग लाइव्ह गाण्यांवर असेल तर मी सगळ्या बिल्डिंगला घेऊन जाईन.

काल संध्याकाळी भाची खाली पार्किंगमध्ये बॉल आपटत तेच गाणं म्हणून राहिली होती, दोन ओळींत थांबली, वर पाहून विचारते, मावशी, हे पोट्टे श्वास कुठे घेत होते?