बीपीचं मशीन : पट्ट्याबद्दल खात्रीने, आकड्याबद्दल ऐकीव

दंडाला बांधायचं बीपीचं मशीन घरात येऊन सहा महिने झाले. माझी नोकरी हिशेब तपासण्याची होती. व्हाउचर बघितल्याशिवाय सही करायची नाही, ही खोड निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. पण हे मशीन मी घेतलं ते निव्वळ अनोळखी लोकांच्या शब्दावर. रात्री जागून अभिप्राय वाचले, दहातले आठ जण एकच सांगत होते, "रीडिंग एकदम अचूक." मागवून टाकलं.

पहिलंच रीडिंग १५६/९६. दवाखान्यात माझं वरचं कधी १४०च्या पुढे गेलेलं नाही. पाच मिनिटांनी परत बघितलं, १५४. ह्यांनी हात पुढे केला, तर त्यांचं ११८/७६, अगदी नेहमीसारखं. म्हणजे मशीन बरोबर आणि बिघडलेय ती मीच, असा घरात निकाल लागला. दोन दिवस जिना चढतानासुद्धा मला छातीत काहीतरी होतंय असं वाटायचं.

तिसऱ्या दिवशी शिवणाच्या डब्यातली टेप काढून दंड मोजला. ३५ सेंमी. पट्ट्यावर बारीक अक्षरात छापलंय, २२ ते ३२. पट्टा दंडाला लहान पडला की रीडिंग खऱ्यापेक्षा जास्त येतं. ह्यांचा दंड २७, त्यामुळे त्यांचं छान! मोठा पट्टा वेगळा मागवला आणि वरचा आकडा १३४वर येऊन बसला.

मग अभिप्राय परत वाचले, या वेळी तपासनिसाच्या नजरेने. "अचूक" म्हणणाऱ्या एकानेही ते कशाशी ताडून बघितलं हे लिहिलेलं नव्हतं. आकडा मनासारखा आला की तो अचूक, इतकाच हिशेब असावा. दोनच तारे देणाऱ्या एका गृहस्थांनी मात्र लिहिलं होतं: दंड ३६ सेंमी, सोबतचा पट्टा पुरला नाही, दवाखान्यापेक्षा वीसने जास्त दाखवत होतं, मोठा पट्टा लावल्यावर जमलं. मी ते आधीही पाहिलं होतं. दोन तारे दिसले, कुरकुर असेल म्हणून पुढे सरकले.

न्यायसूत्रांत, म्हणजे न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथात, ज्ञानाची चार साधनं सांगितली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द, म्हणजे दुसऱ्याने सांगितलेलं. शब्दाची व्याख्या अगदी छोटी, "आप्तोपदेशः शब्दः", आप्ताचं सांगणं म्हणजे शब्द. मराठीत आप्त म्हणजे नातेवाईक, त्यामुळे आमचे धाकटे दीर या व्याख्येत चपखल बसायला हवेत. "वहिनी, मनगटावरचं घ्या, सुटसुटीत असतं," हा सल्ला त्यांचाच. खोदून विचारल्यावर कळलं, मशीन त्यांच्याकडे नाहीच, ऑफिसातल्या कुणाकडे तरी आहे. न्यायसूत्रांवरच्या वात्स्यायनाच्या भाष्यातला आप्त वेगळा आहे. ज्याने गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. मग तो ऋषी असो, आर्य असो की म्लेच्छ. थोडक्यात, माझे आप्त ते दोन तारेवाले गृहस्थ. दीर फक्त नात्याने. (मनगटाचं मशीन हात हृदयाच्या पातळीला नसला की भलतंच काहीतरी सांगतं, हे मला डॉक्टरांनी सांगितलं. तेही ऐकीवच, पण त्यांना विचारण्यात अर्थ आहे.)

आता मशीनचंच घ्या. १९०५ साली कोरोत्कोव्ह या रशियन डॉक्टरने दाखवलेल्या पद्धतीत डॉक्टर स्टेथोस्कोप लावून ठोके स्वतःच्या कानांनी ऐकतात. माझं मशीन ऐकत नाही. पट्टा सैल होताना हवेच्या दाबात जी थरथर होते ती टिपतं, आणि वरचा-खालचा आकडा कंपनीच्या सूत्राने काढतं. ते सूत्र कंपन्या सहसा उघड करत नाहीत. मशीन तपासायची एक मान्य पद्धत आहे: किमान ८५ माणसांवर, प्रशिक्षित निरीक्षकांच्या रीडिंगशी ताडून, सरासरी फरक पाऱ्याच्या ५ मिमीच्या आत. माझं मॉडेल तपासलेल्यांच्या यादीत सापडलं. त्या ८५ जणांना मी भेटलेले नाही आणि भेटणारही नाही, पण कोणी, किती जणांवर, कशाशी ताडून हे तिथे लिहिलेलं आहे. एवढ्यावर मी सही करते. तरी सरासरीत माझा दंड कुठे बसतो ते कळावं म्हणून मशीन एकदा दवाखान्यात नेलं. फरक चारचा आला.

बरं, सोबतच्या ॲपने पहिल्याच पानावर जन्मतारीख विचारली. मी ती खात्रीने भरली. जन्माला मी हजर होते खरी, पण साक्षीदार म्हणून नाही.

तर माझ्या प्रत्यक्षातलं एवढंच. बटण एकच, मोठं, चष्म्याशिवाय सापडतं. आकडे ठळक. पट्टा आवळताना आवाज बराच होतो. बॅटरी सहा महिन्यांत एकदाही बदललेली नाही. मोजते दिवसाआड, लागोपाठ दोनदा. मोठा पट्टा सोबत देत नाहीत, याचा एक तारा कापला. "अचूकता" या रकान्यात तारे द्यायला सांगतात, तो मी रिकामा सोडलाय. दंड ३५ सेंमी, हे मात्र लिहिलंय, अगदी पहिल्या ओळीत.