डायरेक्ट ड्राइव्ह ट्रेनर, झ्विफ्टच्या रेस आणि सहा सेकंदांचं शून्य : सात महिन्यांनंतर

ऑगस्टमध्ये या ट्रेनरबद्दल (मागचं चाक काढून सायकल ज्यावर बसवायची, ते घरात सायकल चालवायचं मशीन) मी लिहिलं होतं की मशीन दणकट आहे, आवाज कमी, घ्यायला हरकत नाही. ऑक्टोबरमध्ये ते पुसून "अजिबात घेऊ नका" असं लिहिलं, तेही भरपूर संतापून. आता जानेवारी आहे आणि दोन्ही मतं बदलून तिसरं लिहायला बसले आहे. मशीनची मापं, वजन, जोडणी सगळ्यांना माहीत आहे, त्यात वेळ घालवत नाही. मी जुना घेतला, २८ हजारांना, वॉरंटी संपलेला. पावसाळ्यात गंगापूर रोडवर पहाटे खड्डे आणि ट्रक चुकवत सायकल चालवायची नव्हती, एवढंच कारण.

माझं वजन ५८ किलो, एफटीपी (साधारण तासभर टिकवता येईल एवढी ताकद) १६२ वॅट. म्हणजे किलोमागे २.८ वॅट, रेसच्या ताकदीनुसारच्या गटांपैकी सी गट. आधी दोन वर्षं बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राइड, केल्या. आमचं नाशिक लांब पल्ल्याच्या सायकलपटू महाजन बंधूंचं गाव, इथे लांब पल्ल्याचं कौतुक जास्त. २०० किलोमीटर १३.५ तासांत पुरे करायचे म्हणजे चढ असो वा वारा, पाय एका लयीत ठेवायचे, हे अंगात भिनलेलं. तीच लय घेऊन मी झ्विफ्टच्या, म्हणजे ट्रेनर जोडून पडद्यावर इतरांशी शर्यत लावता येते त्या अ‍ॅपच्या, पहिल्या रेसमध्ये उतरले. सुटताना १६० वॅटवर शांतपणे निघाले आणि दीड मिनिटात पडद्यावर माझ्या आजूबाजूला कोणीच उरलं नाही. पुढची ३५ मिनिटं एकटी. एकटीला ड्राफ्ट (पुढच्याच्या आडोशाने वारा कमी लागणं) नाही, म्हणजे घोळक्यातली बाई १२० वॅटमध्ये जो वेग राखते त्यासाठी मला १६० मोजावे लागतात. मागे बसल्यावर पाव ते एक तृतीयांश ताकद वाचते, रेसचा सगळा हिशेब या बचतीभोवती फिरतो.

तेव्हा सुरुवातीला सांभाळून निघा हा सल्ला, जो मी स्वतः ऑगस्टमध्ये दिला होता, तो मागे घेते. ऑनलाइन रेसमध्ये पहिल्या मिनिटाला खर्च करावाच लागतो. फक्त किती, ते माहीत हवं. एफटीपीच्या वर वापरायची शिल्लक, ज्याला डब्ल्यू प्राइम म्हणतात, ती माझी साधारण १२ हजार ज्यूल. सुटताना ६० सेकंद २६० वॅट मारले तर ९८ गुणिले ६०, म्हणजे जवळजवळ ६ हजार गेले. निम्मे. ते भरून निघतात, पण एफटीपीच्या खाली आल्यावरच, आणि फार सावकाश. म्हणून सुटल्यावर घोळका सापडला की पुढची दहा मिनिटं मी कंजुषी करते. पुढे जायचं नाही, कोणी निसटलं तर त्याच्यामागे धावायचं नाही, बाराव्या-पंधराव्या जागी बसून पाय हलके ठेवायचे.

खरा खर्च चढावर. वॉटोपियाच्या, म्हणजे झ्विफ्टमधल्या काल्पनिक बेटाच्या, हिली रूटवरचा चढ जेमतेम ९०० मीटरचा, सरासरी ५ टक्क्यांच्या आसपास. वेग उतरला की ड्राफ्टचा आधार जवळजवळ संपतो, आणि तिथेच घोळका फुटतो. मला तो तीन मिनिटांचा पडतो. चढाच्या तोंडाशी मी घोळक्याच्या पुढच्या भागात असते, म्हणजे चढता चढता हळूहळू मागे सरकले तरी माथ्यावर शेपटाला का होईना टिकून राहते. माथ्यानंतरची वीस सेकंदं सगळ्यात महाग. तिथे पाय सोडले की गेलंच, कारण पुढचे उताराला लागून वेग घेतात. उतारावर पुरेसा वेग आला की पाय थांबवले तरी पडद्यावरचा आपला अवतार वाकून पळतो, श्वास तिथे घ्यायचा. आणि पीस (रेसमध्ये मधूनच मिळणारी एक तात्पुरती सवलत) मिळालं असेल तर ते शेवटच्या फेरीतल्या चढासाठी राखायचं. १५ सेकंद वजन घटवून देतं, सपाटीवर वापरणं म्हणजे नासाडी.

हे सगळं सप्टेंबरपर्यंत जमत आलं होतं. मग ते शून्य सुरू झालं. घोळक्यात छान बसलेली असताना पडद्यावर वॅट एकदम ०. पाच-सहा सेकंद. पाय फिरतायत, घाम गळतोय, अवतार मात्र नुसता घरंगळतोय. वॅट परत येईपर्यंत घोळका दहा-बारा मीटर पुढे. तो गाठायला ४० सेकंद २४० वॅट, म्हणजे ३,१२० ज्यूल. असं एका रेसमध्ये चारदा झालं की माझी आख्खी शिल्लक संपली, आणि तीही एक इंचसुद्धा पुढे न जाता. मी प्रत्येक रेसनंतर वहीत ही शून्यं लिहून ठेवली आहेत. ऑक्टोबरमध्ये अकरा रेस, सदतीस शून्यं. इतका मनस्ताप मला पंक्चरनेही कधी झाला नाही.

सर्व्हिस सेंटर मुंबईत. १,४५० रुपये भाडं भरून धूड पाठवलं, तीन आठवडे वाट पाहिली, उत्तर आलं : बोर्ड बदलावा लागेल, ११,८०० रुपये. नेमकं काय बिघडलंय हे विचारलं तर "मॅडम, सिग्नल येत नाही म्हणजे बोर्डच." मी नकार दिला आणि परतीचं भाडंही भरलं.

नोव्हेंबरच्या शेवटी खालच्या मजल्यावरचा पॉलिटेक्निकला जाणारा मुलगा पार्सल द्यायला वर आला होता. लॅपटॉपला लावलेल्या, ट्रेनरचा सिग्नल पकडणाऱ्या डोंगलकडे बघून म्हणाला, "काकू, हा डोंगल मागच्या निळ्या पोर्टात का घातलाय? शेजारी हार्ड डिस्क पण आहे." यूएसबी ३ च्या पोर्टातून आणि वायरींतून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट बाहेर पडतो, आणि एएनटी प्लस, म्हणजे ट्रेनर ज्या बिनतारी पद्धतीने डोंगलशी बोलतो ती, त्याच पट्ट्यात चालते, हे त्याने दोन वाक्यांत सांगितलं. सप्टेंबरमध्ये मी लॅपटॉप बदलला होता. शून्यंही तेव्हापासूनचीच! दोन मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन वायर आणली, १८० रुपये. डोंगल आता ट्रेनरच्या पायाशी, जमिनीवर. त्या दिवसापासून आजपर्यंत चौदा रेस, एकही शून्य नाही. त्या पोराला मी घरी बसवून पोटभर पुरणपोळी खाऊ घातली.

म्हणून मशीनबद्दल सुधारित मत : घ्या. जुनाही चालेल. रेसमध्ये वाचलेला प्रत्येक ज्यूल आता माझ्या निर्णयाने खर्च होतो, आणि हे सुख मला शब्दांत नीट सांगता येत नाही. गेल्या शुक्रवारी तिसऱ्या फेरीच्या माथ्यावर मी पहिल्यांदा पुढच्या गटात होते. नववी आले.

दोन गोष्टी राहिल्या. पंख्यावर पैसे वाचवू नका. पायांतून १६० वॅट निघतात तेव्हा शरीर ५०० वॅटच्या वर उष्णता टाकत असतं. बंद खोलीत छताच्या पंख्याखाली माझी नाडी वीस मिनिटांत १७५ ला जायची. उभा पंखा थेट छातीवर लावल्यावर तेवढ्याच वॅटला ती दहाने खाली असते. दुसरं, झ्विफ्टचे महिन्याचे सुमारे २० डॉलर मला बारा महिने परवडत नाहीत. मार्चपासून थांबवणार, जूनमध्ये पुन्हा. मधल्या काळात मायव्हूश हे तसंच दुसरं अ‍ॅप, ते फुकट आहे आणि २०२४ ची यूसीआयची (आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेची) ई-स्पोर्ट्स जागतिक स्पर्धाही त्यावरच झाली होती.

सर्व्हिस सेंटरला वायरचा फोटो आणि वहीतली पानं मेलने पाठवली आहेत. भाड्याचे पैसे मागितलेले नाहीत. पुढच्या गिऱ्हाइकाला बोर्डाची किंमत सांगण्याआधी डोंगल कुठे लावलाय एवढं विचारा, असं लिहिलंय. उत्तर अजून आलेलं नाही.