पार्कर व्हीएच, १६ बोअर: मूळ दस्त्याची दुनळी

सावंतवाडीला आमच्या बाबांचं सुतारकामाचं दुकान होतं. शेतीसंरक्षणाचा परवाना असलेल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या ठासणीच्या बंदुका, दस्ता फुटला की, त्यांच्याकडे यायच्या. बाबा शिसवीचा तुकडा जोडायचे आणि सांधा बोटाला लागेनासा होईपर्यंत घासत बसायचे. तेव्हापासूनची सवय अशी की, बंदूक हातात आली की मी आधी लाकूड बघते, मग नळी.

कनेक्टिकटला येऊन मला चोवीस वर्षं झाली. घरापासून वीस मिनिटांवर मेरिडेन. पार्कर ब्रदर्सचा कारखाना तिथला. १८६० च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांनी सुमारे २,४२,००० दुनळ्या बनवल्या. १९३४ मध्ये रेमिंग्टनने कंपनी घेतली, पुढे काम न्यूयॉर्क राज्यातल्या इलियनला नेलं आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते थांबलं. अमेरिकन कायद्याप्रमाणे 'अँटिक' बंदूक म्हणजे १८९८ किंवा त्याआधी बनलेली. माझी पार्कर १९२० च्या दशकातली, त्यामुळे कागदोपत्री ती अँटिक ठरत नाही. लांब नळीच्या बंदुकीलाही आमच्या राज्यात प्रमाणपत्र लागतं. ते आधी काढलं, मग शोधाला लागले.

पार्करची प्रत, म्हणजे दर्जा, अक्षरांवरून कळते. ट्रोजन सगळ्यात साधी. तिला इजेक्टर, म्हणजे झाडलेलं काडतूस आपोआप बाहेर उडवणारी यंत्रणा, मिळतच नसे. मग व्ही, जी, डी, सी असं वर चढत जायचं. एच म्हणजे हॅमरलेस, घोडे आत लपलेले. शेवटी ई असेल तर इजेक्टर. माझ्या बंदुकीवर नुसतं व्हीएच आहे, त्यामुळे काडतूस हाताने काढावं लागतं. नळ्यांवर 'व्हल्कन स्टील' कोरलंय, लांबी २८ इंच, वजन साडेसहा पौंड, म्हणजे तीन किलोच्या आत.

ही घेण्याआधी एका दुकानात मला एक डीएच दाखवली होती. नक्षी सुरेख, लाकूड आरशासारखं, आणि दुकानदार ठामपणे सांगत होता की सगळं ओरिजिनल आहे. मी लोखंड आणि लाकूड जिथे भेटतात तिथून नख फिरवलं. कारखान्यातून निघालेल्या दस्त्याचं लाकूड लोखंडापेक्षा केसभर वर असतं. तिथे ते खाली गेलं होतं. कुणीतरी पॉलिश पेपर मारून मारून ते उतरवलं होतं. मुठीवरची चेकरिंगची, म्हणजे पकडीसाठी कोरलेल्या रेघांची, जाळी नव्याने कापलेली, टोकं सुईसारखी, आणि दोन ठिकाणी रेघ चौकटीबाहेर गेलेली. डी प्रतीला मागे, खांद्याला टेकणाऱ्या टोकाशी, पोलादी चौकटीची बट प्लेट असते, स्केलेटन म्हणतात तिला, मधल्या उघड्या लाकडावर चेकरिंग. ती जाऊन तिथे रबरी पॅड आला होता. पॅड बसवायला दस्ता कापतात. मी टेप लावला, तर चापापासून टोकापर्यंत पॅडसकट सव्वातेरा इंच. साधारण १४ इंच असायला हवी होती. कापलेलं लाकूड परत येत नाही. मी बंदूक खाली ठेवली आणि निघाले.

व्हीएच सापडली एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या घरी. पहिल्यांदा बघितली तेव्हा मन द्विधा झालं, कारण तिची मूठ सरळ होती. व्ही प्रत बहुतेक वेळा पिस्टल ग्रिपची, म्हणजे खाली वळलेल्या मुठीची दिसते. सरळ मूठ हौसेने मागवता येत असे, तशीच ती नंतर कुणीतरी बदललेलीही असू शकते. हौशी संग्राहकाला इथेच खरं काम पडतं: वेगळी दिसणारी गोष्ट कारखान्याचा पर्याय आहे की नंतरची करामत?

लाकडाने साक्ष दिली. जाळीची टोकं बोटांनी घासून चपटी झालेली, खोबणीत शंभर वर्षांचा मळ बसलेला. मागची कडक रबराची बट प्लेट, जिच्यावर कुत्र्याचं डोकं असतं आणि जिला सगळे 'डॉग्ज हेड' म्हणतात, ती कडेला लाकडाशी अगदी सपाट. दस्ता घासला असता तर प्लेटची कड बाहेर डोकावली असती. कुत्र्याच्या नाकाचा उठाव थोडा झिजलाय, तो मला आवडतो. स्क्रूच्या खाचा कुणी कुरतडलेल्या नाहीत. ओळखीच्या गनस्मिथने योग्य पात्याच्या स्क्रूड्रायव्हरने चापाच्या कड्याची पट्टी सोडवली. तिच्याखाली लाकडात ठोकलेला नंबर लोखंडावरच्या नंबराशी जुळला. मी २,३०० डॉलर मोजले.

त्यानंतर पार्कर गन कलेक्टर्स असोसिएशनकडे पत्र मागितलं. कारखान्याच्या ऑर्डर बुक आणि स्टॉक बुकांपैकी ज्या वाचल्या आहेत त्यांत शोधून ते आपल्या नंबराची नोंद कळवतात. काही वह्या हरवल्यात, त्यामुळे प्रत्येकाला उत्तर मिळेलच असं नाही. माझी मिळाली: व्ही प्रत, १६ बोअर, २८ इंची नळ्या, सरळ मूठ, दस्ता सव्वाचौदा इंच, टाचेशी उतार (नळीच्या रेषेपासून दस्त्याचं मागचं वरचं टोक किती खाली ते) पावणेतीन इंच. मी टेप लावला. सव्वाचौदा. पत्र हातात धरून मी स्वयंपाकघरात बराच वेळ उभी होते. कुण्या माणसाने हार्डवेअरच्या दुकानात उभं राहून आपल्या खांद्याचं माप सांगितलं असेल, आणि मेरिडेनच्या कारागिराने ते लाकडात उतरवलं.

आता वापराबद्दल. टाचेशी पावणेतीन इंच उतार म्हणजे जुन्या पद्धतीचा दस्ता. त्या काळी लोक मान ताठ ठेवून नेम धरत. मी गाल टेकवते तेव्हा मला नळीऐवजी मागचा लोखंडी भाग दिसतो, आणि धक्का गालाच्या हाडावर येतो. मातीच्या तबकड्यांच्या एका फेरीत पंचवीसपैकी अकरा लागल्या. दस्ता वाकवून देतो असं गनस्मिथ म्हणाला. मी नको म्हटलं. चेंबरही, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा, जुन्या मापाचा, आखूड. आजची पावणेतीन इंची १६ बोअरची काडतुसं यात घालायची नाहीत. मी अडीच इंची, कमी दाबाची मागवते. पुष्कळांनी चेंबर खोल करून घेतलेत. घेताना तेही मोजून बघा. रोज झाडायला पार्करच हवी असेल, तर १९८० च्या दशकात जपानमध्ये बनलेली पार्कर रिप्रोडक्शन घ्या. ती आजच्या काडतुसांना चालते, दस्ताही कमी उताराचा मिळतो.

एक दोष सांगायलाच हवा. लोखंडाच्या शेपटीमागे लाकूड काळं पडलंय आणि केसाएवढी चीर आहे. वर्षानुवर्षं घोड्यांच्या यंत्रणेत ओतलेलं तेल खाली झिरपून दस्त्याचं डोकं मऊ होतं, मग धक्क्याने ते फुटतं. जुन्या दुनळ्यांत हे सर्रास दिसतं, म्हणून किंमत ठरवण्याआधी टॉर्च मारून तिथे बघा. बाबांनी कोरडी माती लावून तेल ओढून घेतलं असतं. मी खडूची पूड आणि ॲसिटोन वापरला, तीन आठवडे, रोज थोडं थोडं. चीर वाढलेली नाही. बाहेरच्या मूळ पॉलिशला हात लावला नाही. कपाटात बंदूक आता नळ्या खाली करून ठेवते, म्हणजे तेल लाकडाकडे उतरत नाही.