तांबे की टॉल्स्टॉय? लेखकाच्या जुन्या फोटोचं जिगसॉ घेताना

लेखकाच्या फोटोचं जिगसॉ घेताना सगळे चेहरा बघतात. मी म्हणेन, कोट बघा आणि मागचा पडदा बघा. 500 तुकड्यांचं पझल साधारण 50 × 36 सेंटिमीटरचं येतं, म्हणजे एक तुकडा जेमतेम दोन सेंटिमीटरचा. छातीपर्यंतच्या फोटोत चेहरा पन्नासेक तुकड्यांत उरकतो. राहिलेल्या साडेचारशेंत काय आहे, यावर ते जोडणं करमणूक होणार की शिक्षा, हे ठरतं.

वाचनालयाच्या टेबलावर कुठलं ठेवायचं, यावरून आमच्या ग्वाल्हेरात सध्या दोन पक्ष आहेत. एक राजकवी भा. रा. तांब्यांचा, दुसरा टॉल्स्टॉयचा.

तांब्यांची बाजू उघड आहे. 1873 साली मुंगावलीला जन्म, 1941 मध्ये इथेच ग्वाल्हेरला निधन. आपल्या गावचा माणूस. जोडता जोडता कुणी ज्येष्ठ एखादं पद गुणगुणू लागतील, हा फायदा टॉल्स्टॉय देऊ शकत नाही. अडचण फोटोची आहे. मूळ प्रिंट हाताशी नसेल तर जुन्या पुस्तकातला फोटो स्कॅन करावा लागतो, आणि छपाईतले ठिपके मोठे केले की चेहऱ्यावर रवा सांडल्यासारखा दिसतो. स्कॅन करणाऱ्याला ‘डीस्क्रीन’ लावायला सांगा. ठिपके बरेच मऊ होतात, पण नाहीसे होत नाहीत. त्यात सगळं करडं. रंगावरून ढीग लावायची सोय नाही, नुसत्या खाचा बघत बसायचं.

टॉल्स्टॉयचा फोटो 1908 सालचा, यास्नाया पोल्याना इथल्या त्यांच्या घरी रशियन छायाचित्रकार प्रोकुदिन-गोर्स्की यांनी काढलेला, आणि तोही रंगीत! लाल, हिरव्या आणि निळ्या गाळणीतून एकापाठोपाठ तीन वेळा टिपायचं आणि मग ते तीन थर एकावर एक बसवायचे, अशी त्यांची पद्धत. म्हातारबुवा पायावर पाय टाकून खुर्चीत बसलेत: निळसर सदरा, उंच बूट, पांढरी दाढी, मागे झाडी. जिगसॉला याहून सोयीचा फोटो नाही. सदरा, बूट, दाढी असे तीन ढीग पहिल्या बैठकीतच वेगळे होतात. झाडी मात्र रडवते. आणि माणूस पूर्ण बसलेला असल्यामुळे चेहरा दहाएक तुकड्यांतच संपतो, हे आधीच सांगून ठेवतो.

आता पुठ्ठा की लाकूड? पुठ्ठ्याचं पझल डाय, म्हणजे कापायचा साचा, मारून कापतात. स्वस्त पडतं आणि कापही स्वच्छ येतो. पण तुकड्यांचे आकार एकमेकांच्या इतके जवळ असतात की चुकीचा तुकडाही बसल्यासारखा बसतो. टॉल्स्टॉयच्या निळ्या सदऱ्यात ते लगेच डोळ्यांत येतं, काळ्या कोटात पार शेवटी कळतं. लाकडी म्हणून मिळतं ते बहुतेक एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी असते, लेझरने कापलेली. त्यात प्रत्येक तुकडा वेगळा कापता येतो. सांगितलंत तर मध्येच एखादा लेखणीच्या किंवा पगडीच्या आकाराचाही. लेझरमुळे कडा तपकिरी जळतात आणि जोडल्यावर चित्रावर बारीक रेषांची जाळी दिसते. सेपिया, म्हणजे जुन्या फोटोच्या तपकिरी छटेत ती खपून जाते, रंगीत फोटोत खुपते. नवा डबा उघडला की जळका वासही येतो.

आपल्याकडे एक जास्तीची भानगड म्हणजे कूलर. मे महिन्यात कूलरच्या ओल्या झोतासमोर पुठ्ठा फुगतो, वरचा कागद कोपऱ्यातून सुटतो आणि सुटे तुकडे थेट कोचाखाली. एमडीएफ वजनाला जड, जागेवर राहतं. पाणी सांडलं तर मात्र तेही फुगतं.

म्हणून घरच्या आजी-आजोबांना द्यायचं असेल तर तांबे, छातीपर्यंतचा फोटो, सेपिया, लाकडी, दोनशे-अडीचशे मोठे तुकडे. वाचनालयात येता-जाता चार जणांनी चार तुकडे लावावेत असं असेल तर टॉल्स्टॉय, पुठ्ठा, 500. तांब्यांना पुठ्ठ्यात 500 तुकड्यांवर नेऊ नका, कोट कुणी पुरा करणार नाही. आणि 1000 च्या मोहात दोन्ही पक्षांनी पडू नये: तुकडा तेवढाच राहतो, टेबल मात्र 70 × 50 चं अडतं, आणि वाचनालयात पेपर वाचणारे ते फार दिवस अडू देत नाहीत.

ऑर्डर देताना फाइल लांबीला किमान तीन हजार पिक्सेलची आहे ना, हे बघा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलात तर ती आक्रसते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मंडळाला पझल विकून निधी उभा करायचा असेल तर फोटो कुणाचा, कधीचा, हेही विचारून घ्या. भारतात प्रकाशित छायाचित्रावरचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षं चालतो. झाकणावर पूर्ण चित्र छापून मागा. काही दुकानं साधा पांढरा डबा देतात, आणि करड्या फोटोला त्याचा काही उपयोग नाही.