२४ एप्रिलच्या स्मरणप्रार्थनेचं सामान: बेळगावच्या बाजारात काय घ्यावं, काय ठेवून द्यावं

१९१५ साली ऑटोमन (तुर्की) राजवटीत झालेल्या आर्मेनियन वंशसंहारातल्या बळींसाठी २४ एप्रिलला प्रार्थना ठेवायची तर बेळगावात सगळं सामान एका दिवसात गोळा होतं. डीटीपीवाले गल्लोगल्ली आहेत, मेणबत्त्या कॅम्पात आणि खडेबाजारात मिळतात, स्पीकर भाड्याने येतो. मिळण्याची अडचण नाही, पण पैसे जातात भलत्याच वस्तूंवर. साठ-सत्तर माणसं आणि पाऊण तासाची उपासना धरून हे परीक्षण केलं आहे. कॅथलिक, मेथडिस्ट आणि सीएसआय (चर्च ऑफ साउथ इंडिया) अशा तिन्ही मंडळ्यांचे लोक एकत्र बसणार, हेही गृहीत धरलं आहे. दर मुद्दाम दिलेले नाहीत, कारण मेण आणि कागद दोन्हींचे भाव हलते. निकाल आधीच सांगतो: पत्रकावर पैसे घाला, मेणबत्ती साधी घ्या, बाकीच्या निम्म्या वस्तूंवाचून काही अडत नाही.

पत्रकापासून सुरुवात करू, कारण फसगत सगळ्यात जास्त तिथेच होते.

ए-४ कागद मधे दुमडला की चार पानं होतात, दोन कागद एकात एक घातले की आठ. एवढ्या उपासनेला आठ पानं पुरतात. पानं चारच्या पटीतच ठेवा, नाहीतर शेवटी कोरं पान उरतं आणि दुकानदार तिथे स्वतःची जाहिरात टाकून देतो. कागद ७० जीएसएमचा घेतला तर मागची अक्षरं पुढे उमटून दिसतात, ८० चा मागा. अक्षर १४ पॉइंटच्या खाली नको. मेणबत्तीच्या उजेडात साठीच्या पुढच्या माणसाला १२ पॉइंट वाचता येत नाही. आर्मेनियन स्मरणाचं २०१५ चं चिन्ह जांभळ्या फुलाचं आहे म्हणून कागदही जांभळा घ्यायची हौस बऱ्याच जणांना असते. दिवे मंद झाले की त्या कागदावरची काळी अक्षरं गिळली जातात. कागद पांढराच बरा, फूल मुखपृष्ठावर छापा.

बेळगावची खास अडचण तीन भाषांची. मजकूर मोबाइलवर युनिकोडमध्ये टाइप होतो. दुकानात मराठी श्रीलिपी या जुन्या फॉन्टपद्धतीत बदलली जाते आणि कन्नड नुडीत. या बदलाबदलीत रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, पहिली वेलांटी जागा सोडते, 'मारेकऱ्यांच्या'चं 'मारेकर्यांच्या' होतं. कन्नडमधली ओत्तक्षरं (अक्षराखाली लागणारी जोडाक्षरं) तर अख्खी गळतात, आणि मराठी प्रूफ तपासणाऱ्याला ते कळतही नाही. यावर उपाय एकच: युनिकोडमध्येच पानं लावून पीडीएफ स्वतः न्यायची आणि 'फॉन्ट बदलू नका, आहे तसं छापा' म्हणून सांगायचं. मराठीचं प्रूफ मराठी वाचणाऱ्याने तपासायचं, कन्नडचं कन्नड वाचणाऱ्याने. कोंकणी घरांत रोमी लिपी वाचणारेही असतात, तेव्हा निदान प्रतिसादाच्या ओळी रोमीत द्या. शंभराच्या आत प्रती असतील तर झेरॉक्स परवडतं, त्याच्यावर गेलात तर रिझो (मोठ्या संख्येच्या प्रतींचं छपाईयंत्र).

दुसरी चूक आकड्यांची, आणि ती फॉन्टच्या चुकीपेक्षा वाईट. आर्मेनियन बळींची संख्या इंग्रजीत १.५ मिलियनपर्यंत सांगितली जाते. म्हणजे १५ लाख. घाईत त्याचं 'दीड लाख' होतं. रुआंडाच्या १९९४ च्या संहारातल्या ८ लाखांचंही असंच शून्य इकडेतिकडे होतं. आर्मेनियन बळींबद्दल अभ्यासकांचे अंदाज वेगवेगळे आहेत, म्हणून 'सुमारे ६ लाख ते १५ लाख' असं लिहिलेलं उत्तम. चिन्हांचीही सरमिसळ होते. आर्मेनियाची राजधानी येरेवान इथल्या स्मारकात अखंड ज्योतीभोवती १२ कललेले स्तंभ आहेत, म्हणून आर्मेनियन स्मरणात १२ ज्योती शोभतात. सहा मेणबत्त्यांची प्रथा ६० लाख ज्यूंच्या स्मरणाची. ती २७ जानेवारीला, होलोकॉस्ट स्मरणदिनी ठेवा, एप्रिलच्या टेबलावर आणू नका.

आता मजकूर. एका मंडळीचं पत्रक दुसऱ्या मंडळीने जसंच्या तसं उचललं की नेमकी इथे ठेच लागते. कॅथलिक मृतांसाठी प्रार्थना करतात. मेथडिस्ट सहसा करत नाहीत. मृतांचा आदर आणि जिवंतांसाठी मागणं, एवढंच त्यांच्या उपासनेत बसतं. आणि खुद्द आर्मेनियन चर्चने २३ एप्रिल २०१५ रोजी आर्मेनियातल्या एचमियाझिनमध्ये, आपल्या मुख्य पीठात, या बळींना संत घोषित केलं. त्या दिवसापासून तिथे त्यांच्या आत्म्याला शांती मागत नाहीत, उलट त्यांनी आपल्यासाठी मध्यस्थी करावी अशी विनंती करतात. त्यामुळे पत्रकावर 'मृतांच्या आत्म्यास चिरशांती लाभो' छापलं की मेथडिस्ट गप्प राहतात, आणि ज्यांच्यासाठी प्रार्थना चालली आहे त्यांच्याच चर्चची रीत मोडते. सगळ्यांना चालेल अशी ओळ साधी आहे: 'प्रभू, यांची आठवण आम्ही तुझ्यापुढे ठेवतो.' त्यावर प्रतिसाद: 'आम्हांला विसरू देऊ नकोस.' मंडळीला पाठ करावं लागत नाही, तिन्ही भाषांत एका दमात म्हणता येतं.

कॅथलिक चर्चमध्ये मिस्सा ठेवायची असेल तर पंचांग पाहा. ईस्टरच्या अष्टकात, म्हणजे ईस्टरपासूनच्या आठ दिवसांत, दफनाची मिस्सा सोडून मृतांसाठीची मिस्सा होत नाही. २०२५ साली ईस्टर २० एप्रिलला होता, म्हणजे २४ तारीख अष्टकातच पडली. अशा वर्षी मिस्सेचा आग्रह सोडा आणि प्रार्थनासभा ठेवा; तिला आडकाठी नाही, शिवाय तीत इतर मंडळ्यांनाही सारखा वाटा मिळतो.

वाचनासाठी स्तोत्र ७९ आणि ८८ चांगली. मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायातली राहेल, जिचं सांत्वन होत नाही, तीही घ्या. स्तोत्र १३७ सुरुवातीला फार जवळचं वाटतं, पण त्याच्या शेवटच्या ओवीत शत्रूच्या तान्ह्या मुलांबद्दल जे आहे ते मुलं मारली गेलेल्यांच्या स्मरणात वाचायचं नाही. कॅथलिक प्रहरप्रार्थनेतही (दिवसाच्या ठरावीक वेळी म्हणायच्या प्रार्थनांतही) ७ ते ९ या ओव्या गाळलेल्या आहेत. सहाव्या ओवीला थांबा. जुन्या कॅथलिक पुस्तकांत हेच स्तोत्र १३६ क्रमांकाचं असतं आणि घराघरांतली बायबलं वेगवेगळ्या भाषांतरांची असतात, म्हणून सगळ्यांनी मिळून वाचायचा भाग पत्रकावरच छापा.

क्षमायाचनेला तीन मिनिटं ठेवा, आणि ती इतरांच्या नव्हे, चर्चच्या पापांची असू द्या. रुआंडात न्तारामा आणि न्यामाताच्या चर्चमध्ये आसरा घेतलेले लोक तिथेच मारले गेले. न्यांगेचं चर्च आतल्या माणसांसकट बुलडोझरने पाडलं गेलं, आणि त्या प्रकरणी तिथल्या धर्मगुरूला आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने जन्मठेप दिली. मार्च २०१७ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी या पापांबद्दल देवाची क्षमा मागितली. हे गाळून केलेली प्रार्थना आम्हांला अर्धवट वाटते. तसंच 'तुर्कांनी मारलं' असं सरसकट लिहू नका, 'ऑटोमन राजवटीने' लिहा. अलेप्पोचे आणि पुढे कोन्याचे गव्हर्नर मेहमेद जलाल बे यांनी हद्दपारीचे हुकूम पाळायला नकार दिला होता. त्यांचं नाव प्रार्थनेत आलं तर शेजारच्या गल्लीतला मुसलमान मित्रही संकोच न करता येऊन बसू शकतो.

नावं वाचायची असतील तर मिनिटाला बारा-पंधरा, त्याहून वेगाने नको. पन्नास नावं म्हणजे चारेक मिनिटं. कवी दानिएल वरुझान, रुबेन सेवाक, सियामान्तो आणि खासदार ग्रिगोर झोहराब ही नावं १९१५ मध्ये मारल्या गेलेल्यांची. धर्मगुरू आणि संगीतकार कोमितास २४ एप्रिल १९१५ च्या रात्री पकडले गेले पण वाचले, त्यांना बळींच्या यादीत घालू नका. ही चूक हटकून होते. मार्दिनचे आर्मेनियन कॅथलिक आर्चबिशप इग्नेशियस मालोयान आणि सिरियन कॅथलिक बिशप फ्लाव्हियानुस मिखाएल मल्के ही दोन नावं कॅथलिक मंडळीला जवळची. सिरियाक लोकांचा (त्याच राजवटीतल्या दुसऱ्या एका ख्रिस्ती समाजाचा) संहारही त्याच साली झाला, पण सिरियन ऑर्थोडॉक्स चर्चचा स्मरणदिन १५ जून आहे. तो वेगळा पाळता आला तर उत्तम, नाहीतर एका ओळीत उल्लेख करा.

मेणबत्त्यांकडे वळू. सहा इंची, करंगळीहून थोडी जाड, पांढरी पॅराफिनची मेणबत्ती: हीच घ्या. पाऊण तास पुरून उरते. पुडा घेण्याआधी एक सुटी घेऊन पेटवून पाहा. वात फार बारीक असेल तर वितळलेल्या मेणात बुडून विझते, जाड असेल तर काजळी धरते. पेटवण्याआधी वात अर्धा सेंटिमीटर ठेवून कापली की दोन्ही दोष कमी होतात. जांभळ्या मेणबत्त्या देखण्या, पण स्वस्त मालातला रंग वातीत अडकतो आणि ज्योत मिणमिणते. सुगंधी तर नकोच. बंद चर्चमध्ये साठ पेटल्या की डोकं धरतं. पुडे दुपारी गाडीत ठेवले तर एप्रिलच्या उन्हात मेणबत्त्या वाकतात आणि एकमेकींना चिकटतात.

प्रत्येक मेणबत्तीला जाड पुठ्ठ्याची चकती हवी, नऊ सेंटिमीटर व्यासाची, मधे अधिक चिन्हासारखी चीर. ओघळ चकतीवर थांबतो. कागदी चहाच्या कपाला भोक पाडून वापरणं वाऱ्याला बरं, पण मेणबत्ती उतरली की ज्योत कपाच्या काठाखाली जाते आणि कप पेट घेतो. मुलांच्या हातात तो कप देऊ नका. उपासना अंगणात ठेवायची म्हणाल तर वळिवाचा विचार करा. एप्रिलच्या अखेरीस बेळगाव-खानापूर पट्ट्यात संध्याकाळीच वारं सुटतं आणि धारा येतात. बाहेर ठेवायचंच असेल तर चहाच्या काचेच्या ग्लासात टी-लाइट ठेवा, तळाला दोन चमचे वाळू घाला, म्हणजे काच तडकत नाही. आत असाल तर पंखे फक्त नावं वाचण्यापुरते, दहा मिनिटं बंद करा. सुरू पंख्याखाली मेण एकाच बाजूने वितळतं आणि हातावर येतं. बॅटरीच्या मेणबत्त्यांबद्दल फार बोलण्यासारखं नाही. आगीची भीती नाही, पण जुन्या सेलमुळे त्यातल्या कित्येक आधीच अर्धमेल्या असतात.

घंटा. २०१५ च्या संतघोषणेच्या सोहळ्यात संध्याकाळी ७ वाजून १५ मिनिटांनी, म्हणजे १९:१५ ला, टोल दिले गेले, कारण साल १९१५; आणि शंभर वर्षं झाली म्हणून टोल शंभर. आपल्याकडे तेव्हा सूर्यास्त पावणेसातच्या सुमारास होतो, म्हणजे वेळ नेमकी अंधार पडतानाची. पण पाच सेकंदांना एक धरला तरी शंभर टोलांना सव्वाआठ मिनिटं लागतात आणि लोक चुळबुळ करतात. पंधरा टोल द्या. त्यानंतरचं मौन दोन मिनिटांचं आहे हे आधी मोठ्याने सांगा, नाहीतर चाळिसाव्या सेकंदाला कुणीतरी आमेन म्हणून मोकळं होतं. प्रभूची प्रार्थना ज्याने त्याने आपापल्या भाषेत एकाच वेळी म्हणावी. मराठी, कन्नड आणि कोंकणी एकत्र संपत नाहीत, म्हणून 'आमेन' पुढाऱ्याच्या खुणेवर ठेवा.

स्पीकर भाड्याने घेताना बॅटरीवर चालणाराच मागा. वळीव आला की हेस्कॉमची वीज जाते, हे साउंडवाल्यालाही माहीत असतं, तरी तो आपणहून सांगत नाही. एक माइक, एक स्टँड. दुसरा माइक शिट्टी मारायलाच असतो. मेणबत्त्या घेऊन रस्त्यावरून फेरी काढायची तर पोलिसांची परवानगी आठवडाभर आधी मागा. फ्लेक्स करू नका, कर्नाटकात त्यावर २०१६ पासून बंदी आहे. कापडी फलक पुरे, आणि त्यावर कन्नड वर की मराठी वर हा वाद फलकाची ऑर्डर देण्याआधी मिटवा. फुलांत लांब देठाची कार्नेशन येरेवानच्या रिवाजाला धरून आहेत, पण फुलवाल्याला दोन दिवस आधी सांगावं लागतं. नाही मिळाली तर पांढरी शेवंती. तिलाही कुणी नाव ठेवणार नाही.

दुसऱ्या दिवशी शहाबादी फरशीवर मेणाचे ठिपके दिसतीलच. गरम असताना पुसू नका, दगडात मुरतं. पूर्ण गार होऊ द्या, खेळायचा पत्ता किंवा प्लास्टिकची पट्टी आडवी धरून खरवडा, उरलेल्या डागावर रद्दी कागद ठेवून कोमट इस्त्री फिरवा. कागद बदलत राहिलात की तीन-चार वेळांत फरशी साफ होते. लाकडी बाकांवर इस्त्री नको, पॉलिश उठतं.