रायझन ५ ७६००एक्स आणि डीपकूल एके४००: बेळगाव-निपाणीच्या हवेत ही जोडी कशी चालते

निकाल आधीच सांगून टाकायचा तर, रायझन ५ ७६००एक्स हा एएमडीचा सहा कोअरचा प्रोसेसर आणि डीपकूलचा एके४०० हा एका टॉवरचा कूलर ही जोडी आपल्या भागासाठी चांगली आहे. अट एकच, बायोसमधल्या (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगच्या पडद्यावरच्या) दोन-तीन सेटिंग बदलायला हव्यात. डब्यातून काढून आहे तशी लावली, तर एप्रिल-मे महिन्यात व्हिडिओ रेंडरला टाकल्याबरोबर तापमान ९५ अंशांना जाऊन चिकटतं, पंखा पूर्ण जोरात फिरायला लागतो आणि घेणाऱ्याला वाटतं की कूलर खराब निघाला. तसं नसतं.

हा प्रोसेसर सप्टेंबर २०२२ मध्ये आला. कंपनीने त्यावर १०५ वॅट लिहिलं असलं तरी सॉकेटमधून (मदरबोर्डवर तो बसतो त्या जागेतून) तो १४२ वॅटपर्यंत घेऊ शकतो. सगळे कोअर कामाला लागले की तो क्लॉक (काम करण्याचा वेग) वाढवत नेतो आणि व्होल्टेज, करंट किंवा तापमान यांपैकी एखादी मर्यादा आड आली की तिथे थांबतो. तापमानाची मर्यादा ९५ आहे, आणि तिथे तासन् तास राहिला तरी कंपनीच्या मते ते ठीकच. अडचण उष्णता किती यापेक्षा ती किती जागेत तयार होते याची आहे. सगळे कोअर ज्या चिपवर आहेत ती जेमतेम ७० चौरस मिलिमीटरची, आणि जुन्या एएम४ सॉकेटचे कूलर नव्या एएम५ सॉकेटवर बसावेत म्हणून वरचं धातूचं झाकण जाड ठेवलेलं. उष्णता त्या झाकणातून बाहेर पडेपर्यंतच निम्मी लढाई झालेली असते. म्हणून बरेच जास्त पैसे घालून तीन पंख्यांचा लिक्विड कूलर बसवला तरी तापमान निम्म्याने उतरत नाही, आठ-दहा अंशांचा फरक दिसला तरी खूप.

मल्टिप्लायर (क्लॉक ठरवणारा गुणक) उघडा आहे म्हणून सगळे कोअर ५.३ किंवा ५.४ गिगाहर्ट्झला ठोकून बसवायचा मोह होतो. या चिपवर तो टाळावा. असं केल्याने प्रोसेसरचा स्वतःचा बूस्ट (गरजेप्रमाणे वेग आपोआप वाढवणं) बंद पडतो, एका कोअरच्या कामात काहीच हाती लागत नाही आणि व्होल्टेज मात्र चढंच राहतं. २०१० च्या सुमाराला एएमडीच्याच फेनम टू एक्स२ ५५५ ब्लॅक एडिशनमध्ये झोपलेले दोन कोअर बायोसमधून जागे करता यायचे आणि दोन कोअरच्या पैशात चार मिळायचे, तो काळ गेला. ७६००एक्सच्या चिपवरही आठ कोअर छापलेले असतात, पण दोन कारखान्यातच कायमचे बंद केलेले असतात. आता कमाई होते ती व्होल्टेज खाली आणून.

आधी कूलर. एके४०० चं वजन ६६१ ग्रॅम, उंची १५५ मिलिमीटर, सहा मिलिमीटरच्या चार हीटपाइप (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या) आणि मिनिटाला ५०० ते १८५० फेऱ्यांचा १२० मिलिमीटरचा पंखा. कंपनी २२० वॅटचा दावा करते. या प्रोसेसरवर तो आकडा विसरून जावा, कारण ७० चौरस मिलिमीटरमधून २२० वॅट ओढून घेणं कुठल्याच हवेच्या कूलरला जमणार नाही. सगळे कोअर चालू असताना ७६००एक्स साधारण १२० वॅटच्या आगेमागे खातो, तेवढ्याला हा पुरतो. केस घेताना आत १६० मिलिमीटर उंची मिळते का, ते आधी बघा.

बसवताना मदरबोर्डवरचे प्लॅस्टिकचे दोन्ही ब्रॅकेट चार स्क्रू काढून बाजूला करायचे. एएम४ मध्ये ते काढले की मागची पट्टी खाली पडायची, एएम५ मध्ये ती सॉकेटलाच धरलेली असते, त्यामुळे बोर्ड केसमध्ये असतानाही काम होतं. पंखा आधी काढून ठेवा, नाहीतर स्क्रूपर्यंत पेचकस पोहोचत नाही. पेस्ट झाकणावर फुलीच्या आकारात लावा. झाकणाच्या कडेला खाचा आहेत आणि त्यांत बारीक कपॅसिटर उघडे दिसतात. साधी पेस्ट तिथे उतरली तरी बिघडत नाही, कारण ती वीजवाहक नसते. लिक्विड मेटल मात्र इथे अजिबात नको. ते कपॅसिटरवर सांडलं तर शॉर्ट होणार, शिवाय या कूलरच्या तळाला तांब्याच्या नळ्यांच्या मधे ॲल्युमिनियम आहे आणि लिक्विड मेटलमधलं गॅलियम ॲल्युमिनियम खाऊन टाकतं. दोन्ही स्प्रिंगचे स्क्रू आलटून पालटून, दोन-दोन वेढे देत, थांबेपर्यंत आवळायचे. एक बाजू पूर्ण आवळून मग दुसरीला हात घातला की पेस्ट एका कडेला सरकते आणि पाच-सात अंश तिथेच जातात. पंख्याचा वारा मागच्या पंख्याकडे जातोय ना, हे केस बंद करण्याआधी हाताने तपासा.

आता बायोस. बोर्ड बी६५० चिपसेटचा किंवा त्यावरचा हवा. ए६२० वर प्रोसेसर ओव्हरक्लॉक करण्याची (ठरल्यापेक्षा जास्त वेगाने चालवण्याची) सोय अधिकृतपणे दिलेली नाही. प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्हच्या (पीबीओ) ॲडव्हान्स्ड भागात जाऊन पहिलं काम, प्लॅटफॉर्म थर्मल थ्रॉटल लिमिट, म्हणजे तापमानाची मर्यादा, ८५ ला आणायचं. दुसरं, कर्व्ह ऑप्टिमायझर (व्होल्टेज पायरीपायरीने उतरवणारी सेटिंग) ऑल कोअर, निगेटिव्ह, १०. एका पायरीला साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट कमी होतात. दिवसभर नेहमीचं काम करून बघा, मग १५, मग २०. बऱ्याच चिप २० पर्यंत जातात. ३० चालला तर नशीब, पण त्याच्या मागे लागू नये. लोडलाइन कॅलिब्रेशनला (भाराखाली व्होल्टेज सावरणाऱ्या सेटिंगला) हात लावायची गरज नाही. एवढ्यावर तेवढ्याच तापमानात क्लॉक ५० ते १०० मेगाहर्ट्झ वर राहतो आणि उन्हाळ्यात पंख्याचा आवाज सुसह्य होतो. आवाजाचा फारच त्रास असेल तर ६५ वॅटचा इको मोड लावा: सॉकेटची मर्यादा ८८ वॅटवर येते, सगळ्या कोअरच्या कामात पाच-सात टक्के जातात, गेममध्ये फरक कळत नाही, आणि तापमान चांगलंच खाली येतं. पंख्याच्या कर्व्हमध्ये ६० अंशांपर्यंत ४० टक्के, ८० ला ७० टक्के ठेवा आणि वेग बदलण्यापूर्वी दोन-तीन सेकंदांचा उशीर द्या. या पिढीचं तापमान ब्राउझर उघडला तरी क्षणात पंधरा अंशांनी उडी मारतं. उशीर दिला नाही तर पंखा सतत चढ-उतार करत राहतो.

व्होल्टेज जास्त उतरवलं तर मशीन भाराखाली पडेलच असं नाही, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. अर्धा तास सिनेबेंच (सगळ्या कोअरवर भार टाकणारी चाचणी) नीट चालतं, आणि रात्री गाणं लावून ठेवलेलं मशीन आपोआप रीस्टार्ट होतं. कारण सर्वांत उंच क्लॉक एकाच कोअरवर, हलक्या कामात लागतो, आणि कमी व्होल्टेजची उणीव तिथेच उघडी पडते. म्हणून कोअरसायकलरसारख्या प्रोग्रॅमने एकेक कोअर वेगळा तपासा, रात्रभर चालू द्या. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हिया-लॉगरची (हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्या भागाची) १८ क्रमांकाची नोंद दिसली तर तिच्यातला एपिक आयडी पाहा. त्याला दोनने भागून आलेला पूर्णांक म्हणजे कोअरचा क्रमांक. ५ असेल तर कोअर २. तेवढ्या कोअरला २० वरून १२ वर आणा, बाकीचे राहू द्या. एचडब्ल्यूइन्फो या तपासणीच्या प्रोग्रॅममध्ये इफेक्टिव्ह क्लॉकही (प्रत्यक्षात मिळणारा वेग) बघत जा. साधा क्लॉक ५.३ दाखवतोय आणि भाराखाली इफेक्टिव्ह ५.१ असेल, तर चिप व्होल्टेज पुरत नाही म्हणून आतून वेग मारते आहे. तापमान कमी दिसलं म्हणून अशा सेटिंगवर समाधान मानू नये.

रॅमला डीडीआर५ ६००० ची एक्स्पो प्रोफाइल (रॅमच्या वेगाची तयार सेटिंग) पुरते. ती चालू केल्यावर पहिल्यांदा पडदा दोन-चार मिनिटं काळा राहू शकतो, तेव्हा बोर्ड रॅम जुळवून घेत असतो. बटण दाबून बंद करू नका. बायोस २०२३ च्या मध्यानंतरचाच हवा, कारण एसओसी व्होल्टेजला (प्रोसेसरमधल्या रॅम सांभाळणाऱ्या भागाच्या व्होल्टेजला) १.३ व्होल्टची मर्यादा त्या सुमारास आली.

हे सगळं वीज टिकली तर. आपल्याकडे घरोघरी इन्व्हर्टर आहे, पण त्यावर मागे किंवा पुढे एक छोटं बटण असतं, यूपीएस आणि इको किंवा नॉर्मल असं, आणि ते बहुतेक ठिकाणी नॉर्मलवरच असतं. त्या स्थितीत वीज गेल्यावर बॅटरीवर यायला ४० मिलिसेकंदांच्या आसपास लागू शकतात, आणि पॉवर सप्लाय भाराखाली साधारण १६-१७ मिलिसेकंदच तग धरतो. मशीन बंद पडतं, आणि लोक ओव्हरक्लॉकला दोष देतात. बटण यूपीएसवर करा. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर चांगल्या पॉवर सप्लायलाही बऱ्याचदा त्याचं जमत नाही, तिथे प्युअर साइन वेव्हच हवा. बायोस अपडेट करताना तर वेगळा यूपीएस असावाच. बोर्ड घेताना फ्लॅशबॅकचं बटण असलेला घ्या, अपडेट अर्ध्यात तुटलं तरी पेन ड्राइव्हवरून बोर्ड परत उठवता येतो.

कूलरबद्दलचं माझं मत गावागणिक बदलतं. बेळगाव शहर सुमारे ७५० मीटरवर, संध्याकाळी हवा उतरते. मजगाव, टिळकवाडीत राहणाऱ्याने ही जोडी निर्धास्त घ्यावी. अथणी-चिकोडीकडे दुपारी खोलीच ३६-३७ अंशांची असते, आणि खोली जितके अंश तापली तितकेच अंश प्रोसेसरवर चढतात. तिथे दोन टॉवरचा कूलर घेतलेला बरा, किंवा इको मोड. खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या पावसात घाम धरण्याची भीती वाटते, पण हवेचा कूलर खोलीपेक्षा थंड कधीच होत नाही, त्यामुळे त्यावर पाणी जमत नाही. तिथे त्रास वेगळा: मशीन चार-सहा आठवडे बंद ठेवलं तर स्लॉट आणि पिना गंजतात. पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा तरी तासभर चालू ठेवा.

खरा शत्रू कचरा. शहापूर-वडगावात मागाशेजारी ठेवलेल्या मशीनमध्ये सुताचा कीस पंख्यातून आत जातो आणि पंखा व कूलरच्या पत्र्यांच्या मधे नमद्यासारखा थर धरतो. केस उघडून बाहेरून बघितलं तर पंखा स्वच्छ दिसतो! तारेच्या क्लिपा सोडवून पंखा बाजूला केल्याशिवाय तो थर दिसतच नाही. अशा घरात दर महिन्याला पंखा काढायचाच. निपाणीत तंबाखूची भुकटी असते, ती पावसाळी ओलीत पत्र्यांना चिकटून बसते आणि नुसत्या फुंकीने निघत नाही. मऊ ब्रश आणि ब्लोअर दोन्ही लागतात. उद्यमबागेत फाउंड्रीच्या आसपास धातूची बारीक धूळ वीजवाहक असते, तिथे केसच्या पुढे बारीक जाळीचा फिल्टर आणि आत ओढणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा जास्त, म्हणजे फटींतून धूळ आत येत नाही. ब्लोअर मारताना पाती बोटाने धरून ठेवा. टायरवाल्याकडच्या कॉम्प्रेसरने साफ करू नका, त्या हवेत पाणी असतं.

लिक्विड कूलर मी या चिपसाठी सुचवणार नाही. पंप हा आणखी एक बिघडणारा भाग, आणि तो बंद पडला की मशीन तितके दिवस बंद, कारण बदली कूलर बहुधा कुरिअरनेच येणार. एके४०० चा पंखा गेला तर कुठलाही १२० मिलिमीटरचा, चार पिनांचा पंखा त्याच क्लिपांनी बसतो, आणि तो गावातल्या दुकानातही मिळतो.

घेताना प्रोसेसर पेटीबंदच घ्या. ट्रेमधला सुटा स्वस्त पडतो, पण त्याला पेटीची तीन वर्षांची वॉरंटी लागू होत नाही. पीबीओ आणि एक्स्पो दोन्ही ओव्हरक्लॉकिंगमध्ये धरले जातात, त्यांच्यामुळे झालेलं नुकसान कंपनी भरून देत नाही, हे ध्यानात ठेवूनच बायोसला हात घाला. ज्याला यातलं काहीच करायचं नाही त्याने एक्स नसलेला ७६०० घ्यावा: तो आधीपासूनच ८८ वॅटवर बांधलेला आहे आणि डब्यात रेथ स्टेल्थ कूलर येतो. एके४०० त्याच्यावरही बसवता येतो, आणि तिथे तो अथणीच्या मे महिन्यातही पुरेल.