हेप-सी निघालाय आणि व्यसन नुकतंच सुटलंय, मग काढा की गोळ्या?

धाकटा भाऊ गर्दमधून बाहेर पडला, गर्दची तलफ दाबणारी, जिभेखाली ठेवायची बुप्रेनॉर्फिन चालू आहे, आणि आता रिपोर्टात हेपटायटिस सी, म्हणजे लिव्हरचा व्हायरस. घरात लगेच दोन पार्ट्या. आई म्हणते भुईआवळ्याचा रस दे, मामा गावाकडून काविळीचं औषध आणायला निघालाच होता, त्याला फोन करून थांबवला. ज्यांच्या घरी हेच चाललंय त्यांच्यासाठी लिहितोय.

गावठी औषधाचं नाव झालंय ते ए आणि ई वाल्या काविळीमुळे, ती बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते, मग श्रेय रसाला नाहीतर गळ्यातल्या माळेला. सी तसा नाही. तो अंगात मुरला की वर्षानुवर्षं गप्प बसून लिव्हर खातो, डोळे पिवळे व्हायची वाट बघू नका.

गोळ्या म्हणजे सोफोस्बुविर आणि डाक्लाटासविर, रोज एकदा, साधारण १२ आठवडे, शंभरातले नव्वदच्या वर बरे होतात. लिव्हर आकसलं असेल तर गोळ्या नाहीतर मुदत बदलते. २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात फुकट मिळतात, आणि बुप्रेनॉर्फिन किंवा तशाच कामाच्या मेथाडोनशी भांडत नाहीत. अँटीबॉडी पॉझिटिव्ह आली म्हणून लगेच सुरू नाही करायच्या हां, आधी व्हायरल लोड, म्हणजे रक्तात आत्ता व्हायरस किती आहे ते, आणि हेपटायटिस बी पण तपासा, कारण सी दबला की बी उसळू शकतो. बी असेल तर हिशोबच वेगळा, टेनोफोविर नाहीतर एन्टेकाविर, बहुतेकदा वर्षानुवर्षं, मनाने बंद करायची नाही.

झाडपाल्याचं काय? मिल्क थिसल या लिव्हरसाठी विकल्या जाणाऱ्या परदेशी वनस्पतीचा मोठा डोस १५४ हेप-सी पेशंटवर २४ आठवडे तपासला गेला, २०१२ मध्ये निकाल आला, नुसत्या खोट्या गोळीपेक्षा फरक नाही. भुईआवळ्याने १९८८ मध्ये हेपटायटिस बी वर आशा दाखवली होती, पुढच्या अभ्यासांत ती टिकली नाही. गुळवेल तर कोरोनाच्या काळात लोकांनी पाण्यासारखी प्यायली आणि मुंबईत काहींचं लिव्हरच सुजलं. ज्येष्ठमध जास्त दिवस घेतला तर पोटॅशियम उतरतं, मेथाडोनवाल्याच्या हृदयाला ते महागात पडू शकतं.

पण मला खरी धडकी भरली ती बाटलीने. लिव्हरसाठी म्हणून आईने रोहितकारिष्ट आणलं, मी सहज लेबल वाचलं तर बारीक अक्षरात लिहिलेलं, त्यात आपोआप तयार झालेला अल्कोहोल आहे. कुमारी आसवाचंही तेच. दारू सोडलेल्या माणसाला रोज दोनदा चार चमचे हे? आणि तो दारू सोडायची डायसल्फिराम घेत असेल तर चेहरा लाल, उलट्या, धडधड, सगळंच.

आईशी भांडलो नाही. मुगाची खिचडी, ताक, वेळेवर झोप हे खातं तिच्याकडे, गोळ्या माझ्याकडे. बाटली मागच्या मोरीत ओतली. १२ आठवडे झाले की पुढच्या १२ आठवड्यांनी परत व्हायरल लोड काढायचाय, तारीख फ्रीजवर चिकटवलीये.